आगीच्या रुळावरचं नवसंगीत

संचालकसाहेबांची जीप विश्रामगृहाच्या फाटकात शिरली तेव्हा माझी तयारी पूर्ण होती. अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. दोन रांजण भरून लिंबाचं सरबत होतं. हार होते, बॅटरीवरचा माईक होता, फोटोग्राफर होता, साहेबांची खुर्ची सावलीत होती. फक्त श्रोते नव्हते. सतरंजीवर एक कुत्रं बसलं होतं. सावली सरकली तसं तेही उठून गेलं.

साहेब खाली उतरले. त्यांनी सतरंज्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रामटेके मॅडम, स्थानिक सहभाग?"

"येतायत, सर."

कोण येतंय ते मलाही माहीत नव्हतं.

मी तेव्हा सांस्कृतिक कामाच्या एका सरकारी कार्यालयात कार्यक्रम अधिकारी होते. तदर्थ कार्यक्रम अधिकारी. तदर्थ म्हणजे काम सगळं करायचं, पण खुर्ची आपली म्हणायची नाही. मला कायम करण्याची फाईल संचालकसाहेबांच्या टेबलावर पडून होती. त्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, "हे शिबिर नीट पार पाडा. समारोपाला गावातले लोक दिसले पाहिजेत. मग बघू." आमच्या कार्यालयात 'मग बघू' ऐकून दोन माणसं रिटायर झाली होती. तिसरं मला व्हायचं नव्हतं.

शिबिराचं नाव होतं 'नवसंगीत रचनाकारांचं ग्रीष्म शिबिर'. ही कल्पना मुंबईत, थंडीच्या दिवसांत, पंख्याचीही गरज नसलेल्या खोलीत कुणाला तरी सुचली होती. आठ रचनाकार, मे महिना, जिल्हा गडचिरोली. मी वरोऱ्याची. उन्हाचं मला कुणी कौतुक सांगू नये. पण आरमोरीच्या पुढं जंगलात शिरल्यावर येरमटोल्याचं ते विश्रामगृह दुपारी असं तापायचं की पुण्याचे एक रचनाकार ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पलंगाखाली रचना करायचे.

नवसंगीत म्हणजे काय, ते मला आधी कळेना. साध्या भाषेत सांगते. चाल नसते. ताल असलाच तर तो ओळखू येऊ द्यायचा नसतो. आणि कुठलीही वस्तू वाद्य असू शकते. हे शेवटचं मी सुरुवातीला गमतीनं सांगायची. मग स्वयंपाकघरातला झारा नाहीसा झाला, आणि संध्याकाळी एका रचनेत सापडला.

मंडळी जंगलाची शांतता ऐकायला आली होती. पहिल्या सकाळी तक्रार आली की कोंबडा फार लवकर आरवतो. दुसऱ्या सकाळी, रातकिडे ऐन साधनेच्या वेळी किरकिर करतात. मी दोन्ही तक्रारी लिहून घेतल्या. कारवाई कुणावर करायची ते लिहायची जागा रिकामी ठेवली.

खरी अडचण दुसरी होती. मे महिन्यात इकडचं माणूस बिडीच्या तेंदूपानात असतं. उजाडायच्या आधी घरातले सगळे रानात जातात. ऊन चढलं की पानांचे गठ्ठे घेऊन परत येतात. दुपारभर ओसरीत बसून पानं सारखी करायची आणि सत्तर-सत्तरचे पुडे बांधायचे. संध्याकाळी ते पुडे फडावर न्यायचे. फड म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. तिथं ठेकेदाराचा मुन्शी पुडे मोजून घेतो आणि कार्डावर लिहितो. जे मोजलं गेलं नाही ते तोडलंच नाही असं धरायचं.

मी साहेबांना हे आधीच कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, "समारोप संध्याकाळी सहाला ठेवा. त्या वेळी लोक मोकळे असतात."

असतात. मुंबईत.

मग मी स्वतः फडावर आमंत्रण द्यायला गेले. मुन्शी रशीदभाई चंद्रपूरचे. वर्षातले दोन महिने इथल्या फडावर काढायचे. डोक्यावर ओला रुमाल, कानावर पेन्सिल.

"मॅडम, मोजणीचा टाईम तर हाच आहे," ते म्हणाले. "प्रोग्राम दोपहरला ठेवा ना."

"दुपारी माझे रचनाकार पलंगाखाली असतात."

शेजारी पार्वताबाई पुडे रचत होती. ती गावची पंच. तिनं हो म्हटलं की अर्धं गाव हो म्हणायचं, आणि उरलेलं अर्धं तिच्या नात्यातलंच होतं.

"बाई, गाणं कोणतं हाये?" तिनं विचारलं. "दंडार हाये का, नाचगाण्याची?"

"नाही."

"भजन?"

"नाही. नवीन संगीत आहे."

"तो चष्म्यावाला काल माह्या अंगणात आला होता. कोंबडीचं टोपलं उलटं करून वाजवून राह्यला होता. तेच का?"

"तेच."

"मंग कोंबडीलेच बोलवा. थे मोकळीच हाये."

फडावरचे सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तो चष्मेवाला म्हणजे टिपणीस. आठ जणांत सर्वांत नावाजलेला, त्यामुळं सर्वांत त्रासदायक. टोपल्यावरून त्याचं लक्ष उडालं आणि रुळावर गेलं.

विश्रामगृहाला लागून वनखात्याचा नाका होता. नाक्यासमोरच्या मोहाच्या फांदीला तारेनं रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता. उन्हाळ्यात जंगलात आग लागली की तो ठोकायचा. ठोका ऐकला की आसपासचं माणूस हातातलं काम टाकून धावायचं. एक दिवस मी बघते तर टिपणीस रुळाला कान लावून उभा.

"मॅडम, याचा नाद ऐकलात? एका आघातात तीन स्वर आहेत."

"एका आघातात तीन गावंही येतात," मी म्हटलं. "तो आगीचा रूळ आहे. हात काढा."

तेवढ्यात नाक्यातून वनरक्षक कुमरेभाऊ बाहेर आले. कुमरेभाऊ उन्हाळ्यात जंगल राखायचे आणि हिवाळ्यात नाटकात काम करायचे. इकडच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, धानाची कापणी उरकली की गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. कुमरेभाऊ त्यात खलनायक. त्यांचं हसू ऐकून लेकरं आईच्या पदराआड जायची, याचा त्यांना वनखात्याच्या वर्दीपेक्षा जास्त अभिमान होता.

"आगीची ठोकणी अलग असते मॅडम," ते म्हणाले. "दमादम, थांबाचं नाई. आन् हे साहेब तर एक ठोका मारतात आन् डोळे मिटून उभे राह्यतात. याच्यानं कोण पयते? माशी बी नाई उडत."

मी तरी अट घातली. एक ठोका झाला की मी मनात वीस मोजेपर्यंत दुसरा नाही.

"वीस?" टिपणीस दुखावला. "माझ्या रचनेत मौनच मुख्य आहे. मी चाळीस मोजतो."

कुमरेभाऊंचीही एक अट होती. रूळ सरकारी, म्हणून ठोकणार तेच. खरं कारण एवढंच की त्यांना फोटोग्राफर येणार असल्याचं कळलं होतं. टिपणीसला ते पसंत पडलं. कार्यक्रमात 'स्थानिक कलावंत' असं छापता आलं. मलाही पसंत पडलं. निदान एक तरी स्थानिक माणूस नक्की झालं.

तर साहेब आले, बसले, आणि समारोप सुरू झाला. श्रोत्यांत साहेब, त्यांचा ड्रायव्हर आणि ज्यांची पाळी नव्हती ते रचनाकार. पहिल्या रचनेत तिघांनी रिकाम्या बाटल्यांत फुंकलं. दुसरीत माझा झारा होता. फोटोग्राफर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, सतरंज्यांचाच घेऊ का एखादा?"

साहेबांनी एकदा मागं वळून पाहिलं. माझी फाईल बंद होत असल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

तिसरी रचना टिपणीसची. नाव 'अरण्यमौन'. कुमरेभाऊ इस्त्रीची वर्दी घालून, तोंडाला पावडर लावून रुळापाशी उभे राहिले. टिपणीसनं डोळे मिटून हात वर केला. टण्ण. मग मौन. मी वीसपर्यंत मोजलं, पुढंही मोजलं. टण्ण. पुन्हा मौन. साहेबांनी घड्याळ पाहिलं. आणि तिसऱ्या मौनात साहेबांचा ड्रायव्हर घोरायला लागला.

ते कुमरेभाऊंना सहन झालं नाही. रात्रभराच्या नाटकात पहाटे पब्लिक पेंगायला लागतंच. त्यावर त्यांच्या रंगभूमीवर एकच इलाज असतो. ढोलकी द्रुत करायची आणि आवाज चढवायचा. सतरा वर्षं खलनायक केलेल्या माणसानं तोच इलाज केला. टण्ण, टण्ण, टण टण टण, टणटणटणटण. दमादम. थांबायचं नाही. मी हातवारे केले. त्यांचे डोळे ड्रायव्हरवर होते. मी धावले. मध्येच टिपणीसनं मला अडवलं आणि कुजबुजला, "थांबवू नका. हा क्षण पुन्हा येणार नाही."

क्षणाचं मला माहीत नव्हतं. गाव मात्र येणार होतं.

आधी धूळ दिसली. मग माणसं. पळसाच्या, ऐनाच्या हिरव्या डहाळ्या उगारून बाप्ये पुढं, कारण वणवा डहाळ्यांनीच झोडपून विझवतात. मागून डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन बाया. धापा टाकत, घामानं भिजलेलं अख्खं येरमटोला फाटकातून आत शिरलं. कुमरेभाऊंचा हात हवेतच राहिला. आता त्यांना कळलं.

ड्रायव्हर जागा झाला. साहेब उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला.

"वा! हिरव्या फांद्या घेऊन! ही इथली प्रथा आहे का?"

"आगी... आगत्याची आहे, सर," मी म्हटलं.

पार्वताबाई सगळ्यांत पुढं, तिच्याही हातात डहाळी. ती गोंडीत मोठ्यानं काहीतरी ओरडली. आग कुठं आहे, एवढंच ती विचारत होती.

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

"बसायचं कुठं ते विचारतायत."

मग मी कुमरेभाऊंचं मनगट धरलं. "सांगा आग नाही. आणि लगेच सांगा सरबत आहे. मध्ये थांबू नका."

समोर एवढी पब्लिक बघून कुमरेभाऊ सावरले. त्यांनी खलनायकाच्या आवाजात गोंडीत घोषणा केली. एका म्हाताऱ्यानं डहाळी फेकून मारली, ती वर्दीवर बसली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पण एवढ्या उन्हातून धावत आल्यावर माणसाला राग नंतर येतो, तहान आधी लागते. लोक सतरंज्यांवर बसले. सरबत फिरलं. डहाळ्यांनी वारा घेणं सुरू झालं. फोटोग्राफरला आता कुठं उभं राहावं ते सुचेना.

साहेबांनी माईक घेतला आणि नवसंगीताचं मूळ अरण्यात कसं आहे ते सांगायला सुरुवात केली. मुळाशी पोचायच्या आत रशीदभाई फाटकातून ओरडत आले.

"मॅडम! फडावर जनावरं घुसली! सारा माल तुडवून राह्यले!"

रानातून परतणारी गुरं. राखणीला माणूस नाही. सगळं गाव एकदम उठलं. साहेब बोलायचे थांबले, गहिवरले, हात जोडले. "असा उभं राहून मान..." त्यांचं वाक्य होईतो अंगण रिकामं झालं होतं.

जीपमध्ये बसताना साहेब म्हणाले, "रामटेके मॅडम, तुमची फाईल बघतो."

'मग' नव्हता. आमच्या कार्यालयात याला पक्का शब्द म्हणतात.

माझं काम झालं होतं. यादीतल्या सगळ्या ओळींवर खुणा झाल्या होत्या. सकाळी मी सामान बांधायला काढलं आणि पार्वताबाईचा निरोप आला. मॅडमनं आपली सगळी माणसं घेऊन फडावर यावं.

फडावर तुडवलेल्या पानांचा चुरा पसरला होता. कुणाचे पुडे कुठं होते तेही कळत नव्हतं.

"जो माल मी मोजला नाई, तो लिहू कसा?" रशीदभाई म्हणाले. "मालक मलेच विचारंल."

कुमरेभाऊ खाली मान घालून उभे होते. पार्वताबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "काऊन रे कुमरे, तुले खलनायक व्हाचं होतं न? झाला आता."

मग तिनं निवाडा सांगितला. जेवढे पुडे गेले तेवढे या लोकांनी रानात येऊन, पानं तोडून, बांधून द्यायचे. ज्याचं गेलं त्याच्या कार्डावर ते चढतील. आणि दुसरं, गावचा जुना नियम. ज्यानं खोटा ठोका दिला तो पुढच्या खऱ्या आगीला सगळ्यांच्या पुढं जाईल.

"मॅडम," टिपणीस हळूच म्हणाला, "आमचं परवाचं रिझर्व्हेशन आहे."

"मी रद्द करायला माणूस पाठवलाय."

"आम्हाला न विचारता?"

"तुम्हीही गावाला न विचारताच बोलावलं होतं."

मग आठही रचनाकार पहाटे रानात जाऊ लागले. कोंबडा लवकर आरवतो ही तक्रार त्या दिवसापासून बंद झाली. अकरा मात्रांचे, साडेतेरा मात्रांचे ताल बांधणारी ही माणसं सत्तर पानं मोजताना मध्येच गुणगुणायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. पार्वताबाई पुडा हातात तोलून परत फेकायची. "हा गाण्याचा हाये. मालाचा बांधा."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजणी चालली होती. आणि नाक्याकडून ठोका आला. टण टण टण टण. दमादम.

सगळ्यांचे हात थांबले. पण उठलं कुणी नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. नोकरी जाण्याच्या भीतीहून ही वेगळी होती. एवढी वर्षं ज्या आवाजावर गाव न विचारता धावत होतं, तो आवाज ऐकून गाव बसून होतं आणि माझ्याकडे बघत होतं.

"मॅडम," पार्वताबाई म्हणाली, "हे गाणं हाये का आग हाये?"

मी माझे रचनाकार मोजायला लागले. कुमरेभाऊ समोर होते. एक, दोन, तीन... सात. पुन्हा मोजले. सातच.

"टिपणीस कुठंय?"

पार्वताबाईनं कपाळावर हात मारला. "गेला असंल मौन ठोकाले." दोघं-तिघं पुन्हा पुड्यांकडे वळले. ठोका चालूच होता.

तेवढ्यात पोत्यांच्या थप्पीमागून टिपणीस उठला. घामेजलेला, चष्मा कपाळावर, हातात अर्धा बांधलेला पुडा.

"मॅडम, अडुसष्टच भरतायत. दोन पानं आहेत का कुणाकडे?"

"आठ," मी ओरडले. "माझी सगळी माणसं इथं आहेत! आग खरी आहे!"

गाव उठलं. आणि निवाडा निवाडाच होता. सगळ्यांच्या पुढं कुमरेभाऊ, त्यांच्या मागं डहाळ्या घेतलेले आठ रचनाकार, मग गाव. रशीदभाई या वेळी फडावरच थांबले, हातात काठी घेऊन, गुरांसाठी. आग नाल्याच्या काठाला लागली होती. वारा पडलेला होता म्हणून पसरली नव्हती. अंधार पडायच्या आत विझली. रूळ ठोकणारा नाक्यावरचा चौकीदार विचारत राहिला की या वेळी यायला उशीर काऊन झाला. त्याला कुणी सांगितलं नाही.

टिपणीसच्या भुवया जळल्या होत्या. परत येताना तो रुळाखालून गेला, पण त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. नाक्यासमोर पार्वताबाईनं त्याच्या हातात पाण्याचा गुंड दिला.

"पी. आन् पुढच्या साली गाणं ठेवशीन तं मोजणीच्या बादमधी ठेव. आम्ही येऊ. चालत येऊ."

पावसाळ्यात माझी ऑर्डर आली. मी कायम झाले. सोबत दुसरा कागद होता. शिबिर दर वर्षी येरमटोल्यालाच घ्यावं, जबाबदारी कायमची माझ्याकडे राहील, आणि समारोपात 'हिरव्या फांद्यांनी स्वागत करण्याची स्थानिक प्रथा' अवश्य ठेवावी. वर फोटो टाचलेला होता. त्यात पार्वताबाई डहाळी उगारून कॅमेऱ्याकडे धावतेय. खाली टाईप केलेलं होतं, 'उत्साही श्रोते'.

मी शिबिर डिसेंबरात घेण्याची विनंती केली. ग्रीष्म शिबिर डिसेंबरात घेता येत नाही, असं उत्तर आलं. ते बरोबरच होतं.

मग मी पुढच्या वर्षासाठी सविस्तर टिपण पाठवलं. रुळाला कुणीही हात लावायचा नाही. समारोप मोजणीनंतर. आणि रचनाकारांनी आल्या आल्या पहिले दोन दिवस फडावर काम करावं, कारण लोकांचा सहभाग हवा असेल तर आपण आधी त्यांच्या कामात सहभागी व्हायला हवं. टिपण मंजूर होऊन आलं. ते शेवटचं वाक्य साहेबांनी लाल शाईनं खोडलं होतं आणि समासात लिहिलं होतं, 'गरज नाही. सरबत वाढवा.'